मुख्य गप्प झाला की

‘बसून नाही. उभी राहून सांग.’

बाबांनी पाटीवर लिहिलं आणि पाटी माझ्या नाकासमोर धरली.

मी मागच्या दारी पायरीवर बसले होते. मांडीत स्विचिंगचं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक, शेजारी चहाचा कप. समोर आई सुपात पावटे सोलत बसलेली.

“बाबा, ही परीक्षा आहे, कीर्तन नाही,” मी म्हटलं. “कॉम्प्युटरसमोर बसून द्यायची असते.”

चिपळी दोनदा वाजली. एकदा वाजली तर ‘इकडे ये’, दोनदा वाजली तर ‘चुकतंय’. श्रावणात बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं, तेव्हापासून आमच्या घरात पाटी आणि चिपळी अशा दोनच भाषा उरल्या होत्या.

“ऊठ गं,” आई म्हणाली. “चाळीस वर्षं उभं राहून बोललेला माणूस आहे. बसून बोललेलं त्यांना ऐकूच येत नाही.”

मी उठले.

आमचं गाव तासगाव. बाबा म्हणजे गजाननबुवा आठल्ये. नारदीय कीर्तन करायचे. पूर्वरंगात विषय मांडायचा, तो समजावून सांगायचा. मध्यंतरात बुक्का आणि हार. मग उत्तररंगात त्याच विषयाला धरून एखादं आख्यान. आमच्या पेठेतल्या दत्ताच्या देवळात दत्तजयंतीचं कीर्तन त्यांचंच असायचं. मी आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्या मागे झांज घेऊन बसत आले. बाबा एक ओळ म्हणायचे, ती मागून उचलायची, एवढंच माझं काम. जगात याहून सुंदर काम असेल असं मला अजूनही वाटत नाही. बाबांच्या खांद्याआडून समोरच्या माणसांचे चेहरे दिसायचे. आधी कुणी पेंगत असतं, कुणी चप्पल चोरीला जाईल म्हणून दाराकडे बघत असतं. आणि मग एका क्षणाला सगळे चेहरे एकाच बाजूला वळतात. तो क्षण बघायला मी बसायचे.

पोटासाठी मात्र मी सांगलीला एका हॉस्पिटलात कॉम्प्युटरच्या जाळ्याचं काम करत होते. प्रगत स्विचिंगची परीक्षा दिली की हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचं सगळं जाळं माझ्या हाती यायचं होतं. गणपतीच्या आधी एकदा दिली आणि नापास झाले. बाबांचं आजारपण, दवाखाना, रोजची एसटी, कारणं पुष्कळ होती. पुन्हा द्यायची नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

आणि बाबांनी ठरवलं होतं, देवळात पाऊल टाकायचं नाही.

“अहो, नुसते जाऊन बसा,” आई म्हणायची. “देव काय तुमचा आवाज तपासणार आहे?”

‘मुक्यानं जाऊन काय करू?’ एवढंच पाटीवर यायचं, आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. काकड आरतीची घंटा घरात ऐकू येई. ती वाजली की ते पांघरूण डोक्यावरून घेत. जेवण कमी होत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, जखम भरली आहे, आता त्यांचं मन लागलं पाहिजे. मन कशाला लागतं ते आम्हा दोघींना माहीत होतं, आणि त्यावर इलाज दोघींकडेही नव्हता.

दसऱ्याच्या दिवशी सोनं द्यायला मी त्यांच्या पाया पडले आणि म्हटलं, “बाबा, एवढं माझं ऐका. दत्तजयंतीला देवळात चला.”

त्यांनी पाटी ओढली.

‘तू परीक्षा पुन्हा दे. पास झालीस तर येतो.’

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, “लिहून दिलंय. आता पुसायचं नाही.”

असा सौदा झाला, आणि म्हणून मी त्या दिवशी मागच्या दारी उभी होते.

“बरं. स्विच म्हणजे...”

दोन टकटक. बाबांनी हात जोडून दाखवले.

“नमन? स्विचच्या आधी नमन?”

त्यांनी मान हलवली. मी हसत हसत हात जोडले, मनात दत्तगुरूंचं नाव घेतलं आणि सुरुवात केली.

“स्विच म्हणजे एक पेटी. तिला पुष्कळ दारं, पुस्तकात त्यांना पोर्ट म्हणतात. एका दारातून निरोप आला की तो कुणाचा आहे ते बघून बरोबर त्याच्या दारातून बाहेर सोडायचा.”

“दिव्याचं बटण नव्हे ना ते?” आई म्हणाली.

“नव्हे.”

“मग ठीक. मी इतके दिवस समजत होते, पोरगी बटणं लावायला शिकायला एवढे पैसे भरते.”

बाबांचे खांदे हलले. हसले की आता नुसते खांदे हलायचे. ऑपरेशननंतर ते मी पहिल्यांदा बघत होते.

मग तो रोजचाच नेम झाला. मी संध्याकाळी घरी आले की चहा, आणि चहा झाला की उभं राहायचं. जो धडा वाचला असेल तो सांगायचा. आधी विषय, मग गोष्ट. आईला समजलं तर धडा संपला, नाही समजलं तर उद्या पुन्हा. आई ही कठीण परीक्षक. समजलं नसलं की ती पावटे जोरात सोलायची.

बाबा मधे मधे पाटी दाखवायचे. ‘श्वास घे.’ ‘घाई नको.’ ‘शेवटचा शब्द खाऊ नकोस.’ एकदा लिहिलं, ‘शेवटच्या रांगेकडे बघून बोल.’

“शेवटच्या रांगेत तुमचं धोतर वाळतंय, बाबा.”

‘त्याला समजलं पाहिजे.’

मी धोतराला व्हीलॅन, म्हणजे एकाच पेटीत न दिसणाऱ्या भिंती घालणं, समजावून सांगितलं. मला वाटायचं, माझ्या निमित्ताने माणूस पुन्हा थोडा उठून बसतोय, त्यांच्या जुन्या सवयी आहेत, चालू देत. जेवण वाढलं होतं. मी आणखी काय मागणार?

दिवाळीनंतर तो धडा आला, ज्यात मी मागच्या खेपेला गटांगळ्या खाल्ल्या होत्या. मी दोन दिवस गोष्ट शोधत होते. तिसऱ्या दिवशी उभी राहिले.

“एक वाडी होती. चार घरं. प्रत्येक घराला खोड अशी की, कुणी सगळ्यांसाठी म्हणून हाक दिली, की ती ज्या दारातून आली ते सोडून बाकी सगळ्या दारांतून पुढे ओरडायची.”

“आपली गल्ली,” आई म्हणाली.

“आता घरं गोलाकार जोडलेली. एकदा निघालेली हाक फिरून मागे येते. पुन्हा ओरडतात. पुन्हा फिरते. हाका वाढत जातात, आणि शेवटी इतका कल्लोळ होतो की कुणालाच काही ऐकू येत नाही. वाडीच बंद पडते.”

“मग एक रस्ता तोडायचा.”

“तोडला आणि उद्या दुसरा खचला तर? म्हणून तोडायचा नाही, नुसता गप्प ठेवायचा. कुठला गप्प ठेवायचा हे ठरवायला चौघांत एक मुख्य लागतो. त्याच्याकडे जाणाऱ्या जवळच्या वाटा चालू, फिरून येणारी वाट गप्प.”

चिपळी एकदा वाजली. बाबांनी लिहिलं, ‘मुख्य कोण?’

“तीच तर गंमत आहे. आपण काही ठरवलं नाही, तर बहुतेक वेळा सगळ्यांत जुना असतो तोच आपोआप मुख्य होतो.”

बाबांनी छातीवर हात ठेवून आईकडे ऐटीत पाहिलं.

“हुरळू नका,” मी म्हटलं. “जुना म्हणजे संथ. मग सगळी वाडी त्याच्या चालीनं चालते. म्हणून मुख्य कोण ते आपण आपल्या हातानं नेमायचं असतं. आणि त्याच वेळी दुसराही नेमून ठेवायचा. मुख्य गेला तर गोंधळ नको.”

बाबा थोडे पुढे सरकले. पाटी पुसली, लिहिलं, ‘कोण नेमतं?’

“जो जाळं बांधतो तो.”

‘दुसऱ्याला आधी सांगावं लागतं?’

“छे. त्याला कशाला सांगायचं? तो आपला रोजचं काम करत असतो. वेळ आली की त्याला समजतं.”

‘कसं?’

“मुख्य दर दोन सेकंदांनी हॅलो म्हणत असतो. म्हणजे, मी आहे. तो हॅलो येतोय तोवर बाकीचे निवांत. यायचा थांबला, की लगेच कुणी तोंड उघडत नाही. आधी थोडी वाट बघायची. मग नुसतं ऐकायचं. मग शिकायचं, म्हणजे कोण कुठे आहे ते मनात बसवायचं. आणि मग बोलायचं. ऐकणं, शिकणं, बोलणं. पायरी गाळायची नाही.”

आई सोलायची थांबली होती. “समजलं मला,” ती म्हणाली. “चक्क समजलं.”

बाबांनी पाटीवर तीन शब्द लिहिले. ऐकणं, शिकणं, बोलणं. आणि त्या दिवशी पाटी पुसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

“अहो, पुसा ती,” आई करवादली. “भाजी काय आणायची ते मला तुमच्या कपाळावर लिहून देणार का?”

त्या दिवसापासून आणखी एक सुरू झालं. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसले, की बाहेरच्या खोलीतून थोड्या थोड्या वेळानं चिपळी वाजायची. एकच टक. पहिल्यांदा मी धावत गेले. “काय हवंय, बाबा?”

त्यांनी मान हलवली. काही नको. बोट स्वतःकडे केलं आणि डोळे मिचकावले.

मी आहे.

मग मी उठणं सोडलं. टक झालं की पान उलटायचं, पुढे वाचायचं.

सांगलीला शनिवारी क्लास असायचा. कुरणे सर तिथे एकेकाला फळ्याशी उभं करून तोंडी प्रश्न विचारायचे. त्या आठवड्यात माझी पाळी आली. सर म्हणाले, “आठल्ये, सांगा. मुख्य स्विच बंद पडला तर पोर्टच्या अवस्था कुठल्या?”

मी उभी राहिले आणि काय होतंय ते समजायच्या आत माझे हात जोडले गेले, डोळे मिटले गेले. वर्गात कुणीतरी खुसखुसलं. डोळे उघडले तर सगळा वर्ग हसत होता.

“आठल्ये,” सर म्हणाले, “आरती किती वाजता आहे?”

“सॉरी सर. सवय लागलीये.”

“सांगा आता. परीक्षेत चारांतलं एक उत्तर निवडायचंय, प्रसाद वाटायचा नाही.”

मी सांगितलं. चार घरं, फिरणारी हाक, हॅलो, सगळं. हसू हळूहळू थांबलं. मागच्या बाकावर दोन मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती; त्यांनी डोकी वर काढली. आणि एका क्षणाला सगळे चेहरे एका बाजूला वळले. तो क्षण मी नेहमी बाबांच्या खांद्याआडून पाहिला होता. आता समोर खांदा नव्हता.

सर खडू हातात घेऊन उभे होते. “बसा,” म्हणाले. “आणि पुढच्या शनिवारी हाच धडा नव्या बॅचला तुम्ही सांगा. माझं एवढं ऐकत नाहीत.”

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बाबांनी पुन्हा पुन्हा खुणा करून विचारलं, मागचे? मागची दोन मुलं? त्यांनी डोकं वर काढलं ना? परीक्षेत काय विचारतात ते एकदाही विचारलं नाही.

त्याच सुमाराला बापूकाका लिमये आले. देवस्थानचे पंच, बाबांचे लहानपणचे मित्र.

“बुवा, यंदा दत्तजयंतीला कुणाला उभं करायचं? पंच म्हणतात, बाहेरगावचे कुणी मिळाले तर बघू, नाहीतर या वर्षी नुसतं भजन ठेवू.”

मी चहा ठेवायला वळले. त्या गादीवर दुसरं कुणी, ही कल्पनाच मला सोसत नव्हती. मागून पाटीवर पेन्सिल करकरताना ऐकू आली. मग बापूकाकांचा आवाज, “आँ?” पुन्हा करकर. मी चहा घेऊन आले तोवर पाटी पुसलेली होती आणि बापूकाका माझ्याकडे बघत होते.

“काय झालं, काका?”

“काही नाही. सोय झाली म्हणतात.” ते कपात बघत म्हणाले. “तुझी परीक्षा कधी आहे गं?”

“दत्तजयंतीच्या आदल्या गुरुवारी. पुण्याला.”

“बापरे,” बापूकाका म्हणाले.

मला वाटलं, बाबांनी त्यांच्या मिरजेच्या शिष्याला कळवलं असणार. चांगला गातो तो. मला थोडा हेवा वाटला, पण बाबा देवळात येणार असतील तर कुणीही उभं राहो, असं मी मनाला समजावलं.

पुण्याच्या त्या परीक्षा केंद्रात अंगठीसुद्धा काढून ठेवायला लावतात. काचेच्या खोलीत, एकेका कॉम्प्युटरसमोर एकेक माणूस. प्रश्न वाचला की मी ओठ न हलवता आईला सांगत होते. आई पावटे सोलायची थांबली की उत्तर निवडत होते. एका ठिकाणी अगदीच अडलं. चार स्विचची आकृती, मुख्य कोण होईल? चारही उत्तरं बरोबर वाटायला लागली. तेव्हा शेजारच्या बाईनं माउसची कळ दाबली. टक. मी श्वास घेतला. आकृतीत मुख्य कुणीच नेमलेला नव्हता. म्हणजे ज्याचा कारखान्यातून आलेला क्रमांक सगळ्यांत लहान तोच मुख्य, बहुधा जुनाच. छातीवर हात ठेवून ऐटीत बघणारे बाबा आठवले. उत्तर दिलं.

निकाल पडद्यावर लगेच येतो. मी बाहेर येऊन घरी फोन लावला.

“आई, झाले पास!”

पलीकडे आईचा हुंदका, मग तिचं लांबून ऐकू आलेलं, “अहो, हा घ्या, कानाला लावा.” आणि मग टक. टक. टक. टक. थांबतच नव्हती चिपळी. पुण्याच्या त्या रस्त्यावर, रिक्षांच्या गर्दीत, मी फोन कानाला लावून कितीतरी वेळ ती ऐकत उभी राहिले.

दत्तजयंतीला आम्ही तिघं संध्याकाळी निघालो. आईनं मला जांभळ्या काठाची साडी नेसायला लावली. “पास झालीस ना, मग जरा नीट दिस.” बाबा धुवट धोतर, कोट, गळ्याभोवती पांढरा रुमाल. वाटेत लोक थांबून नमस्कार करत होते. बाबांनी माझा हात घट्ट धरला होता. देवळाच्या पायरीशी ते थांबले, वाकून पायरीला हात लावला आणि तो बराच वेळ कपाळावरून काढला नाही. माझा सौदा पुरा झाला होता. मी दत्ताच्या कळसाकडे बघून मनातल्या मनात नाक घासलं.

मग दाराशी टांगलेला फळा दिसला.

‘श्रीदत्तजन्म सोहळा. कीर्तन : ह.भ.प. रेवतीताई आठल्ये.’

मी तो दोनदा वाचला. गावात दुसरी रेवती आठल्ये नव्हती.

“बाबा?”

बाबा कळसाकडे बघत होते.

“बाबा, हे काय आहे? पाटी द्या. पाटी कुठेय?”

त्यांनी दोन्ही रिकामे हात पुढे केले. पाटी घरी ठेवून आले होते.

“आई!”

“माझ्यावर नको ओरडूस,” आई म्हणाली. तिनं पिशवीतून बाबांचं उपरणं काढलं, त्यात गुंडाळलेल्या चिपळ्या काढल्या. “दसऱ्यापासून पोटात ठेवलंय मी. पावटे सोलून सोलून बोटं गेली.”

आतून बापूकाका आले. “काका, मी कधी कीर्तन केलेलं नाही. मला दत्तजन्म येत नाही.”

“दत्तजन्म येत नाही? वीस वर्षं मागे बसून काय, झोपत होतीस?”

“ऐकणं वेगळं आणि...”

“मीही तेच म्हटलं त्याला. म्हटलं, बुवा, तिची परीक्षा आहे, तयारी कधी करणार? तर यानं काय लिहिलं माहितीये? ‘तीच चालू आहे.’”

मी बाबांकडे बघितलं. उभी राहून सांग. श्वास घे. शेवटच्या रांगेकडे बघ. त्यांनी माझ्या खांद्यावर उपरणं टाकलं, दोन्ही टोकं सारखी केली, जशी लहानपणी शाळेत जाताना माझी कॉलर सारखी करायचे. चिपळ्या माझ्या हातात दिल्या. मग ते मला ओलांडून पुढे गेले आणि गादीच्या मागे, पेटीवाल्याच्या शेजारी, माझ्या नेहमीच्या जागी मांडी घालून बसले. माझी झांज उचलली.

मी गादीवर उभी राहिले. सभामंडप भरलेला. कुणी पेंगत होतं, कुणी दाराकडे बघत होतं. मागच्या रांगेत खांबाला टेकून बापूकाका. पेटीनं सूर धरला, तबला लागला, आणि मागून झांज वाजू लागली. संथ. एकेक ठोका. टिण्. टिण्.

मी वाट बघत होते. वीस वर्षं मी तशीच वाट बघत आले होते. झांज चालू असायची, मग बाबांचा आवाज यायचा, आणि तो आला की तो उचलायचा. टिण्. लोक माझ्याकडे बघत होते. टिण्. मी आहे. माझ्या घशात काही नव्हतं, पहिला शब्दसुद्धा नव्हता. टिण्. तो ठोका येतोय तोवर मला बोलायचं नव्हतं. तो आयुष्यभर येत राहावा, एवढंच मला हवं होतं.

आणि बाबांनी झांज थांबवली.

मी मागे वळले नाही. मला दिसत होतं, त्यांनी ती मांडीवर ठेवली असणार, वर हात ठेवला असणार, नाद पुरता विझावा म्हणून. सभामंडपात पेटीचा सूर तेवढा उरला.

मी ऐकलं. कुणाच्या तरी बांगड्या, बाहेर फुलवाल्याची हाक, गाभाऱ्यात समईची वात तडतडली. मग बघितलं, कोण कुठे आहे. ती पेंगणारी म्हातारी, त्या मांडीत मूल घेतलेल्या बाई, खांबाशी बापूकाका, आईचे जोडलेले हात.

मग शेवटच्या रांगेकडे नजर लावली, श्वास घेतला आणि नमनाचा पहिला शब्द उचलला.

ओळ पुरी झाली तेव्हा मागून झांज आली.